सोडियम ११२ आलं, आता काय करायचं?

संध्याकाळी सातला लॅबमधून फोन येतो, चार नंबरच्या आजींचं सोडियम ११२. बेळगाव जिल्ह्यात खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या वीस-पंचवीस खाटांच्या दवाखान्यात यावर सवयीने होणारी गोष्ट एकच: एनएसची (नॉर्मल सलाईन, म्हणजे साध्या मिठाच्या सलाईनची) बाटली लावायची आणि सकाळी पुन्हा तपासायचं. कधी तेवढ्याने भागतं, कधी सोडियम आणखी उतरतं, तर कधी रात्रीतून थेट १२८ होतं. रिपोर्ट सुधारलेला दिसतो म्हणून या तिसऱ्या प्रकाराकडे कुणी बघत नाही, पण मेंदूला कायमची इजा त्यातूनच होते. खालची पद्धत वॉर्डातल्या डॉक्टर-सिस्टरांसाठी आणि फक्त प्रौढ पेशंटसाठी आहे. सोडियम-पोटॅशियमचे आकडे दर लिटरला मिलीइक्विव्हॅलंटमध्ये आहेत. नॉर्मल सोडियम १३५ ते १४५.

एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. सोडियम कमी आलं म्हणजे बहुतेक वेळा अंगात पाणी जास्त झालेलं असतं. आजारपणात, ऑपरेशननंतर, दुखण्याने, मळमळीने, काही गोळ्यांनी एडीएच हे हार्मोन वाढतं आणि मूत्रपिंड पाणी सोडायला तयार होत नाही. त्यामुळे किती मीठ द्यायचं हा प्रश्न नंतरचा. पाणी बाहेर का पडत नाही, ते आधी शोधायचं.

आकडा खरा आहे का?

सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेतलं असेल तर रिपोर्टवर विश्वास ठेवू नका. डी फाईव्ह (पाच टक्के साखरेचं सलाईन) चालू असेल तर सोडियम खोटं कमी आणि साखर खोटी जास्त येते. दुसऱ्या हातातून नमुना घ्या, तोही लगेच.

साखर खरोखरच वाढलेली असेल तर १०० च्या वरच्या दर १०० मागे सोडियममध्ये १.६ ते २.४ मिळवा. साखर ५०० आणि सोडियम १२६ असेल तर खरं सोडियम १३२ च्या वरच असतं. तिथे साखर उतरवणं हाच उपचार. ट्रायग्लिसराइड हजारांत असेल तरी काही मशिन्स सोडियम कमी दाखवतात. एबीजी (रक्तातले वायू तपासणाऱ्या) मशिनवर पुन्हा केलं की उलगडा होतो.

झटका आलाय, पेशंट हाकेला ओ देत नाही

इथे कारणमीमांसा थांबवा आणि तीन टक्के सलाईन काढा. १०० मिलीची बाटली, चांगल्या जाड शिरेत १८ किंवा २० नंबरची सुई, दहा मिनिटांत पूर्ण. यासाठी सेंट्रल लाईनची वाट बघायची नाही. झटके थांबले नाहीत किंवा शुद्ध सुधारली नाही तर दुसरी बाटली, मग तिसरी, त्यापुढे नाही. सोडियम ४ ते ६ ने चढलं की मेंदूची सूज उतरायला तेवढं पुरतं. ११२ चं ११७ झालं की हात आखडायचा. १३५ गाठायची घाई इथे नको.

पन्नास किलोच्या वृद्ध बाईच्या अंगात पाणी साधारण साडेबावीस लिटर. तीन टक्के सलाईनमध्ये सोडियम ५१३. म्हणजे (५१३ वजा ११२) भागिले साडेतेवीस (अंगातलं साडेबावीस अधिक दिलेला एक लिटर), लिटरमागे १७. एका बाटलीमागे साधारण पावणेदोन. हा अंदाज आहे. लघवीतून काय जातंय ते या सूत्राला कळत नाही, म्हणून प्रत्येक बाटलीनंतर सोडियम करा.

पेशंट गोंधळलेला आहे, पण झटके नाहीत, आणि सोडियम १२० च्या खाली, असं असेल तर तेच सलाईन तासाला १५ ते ३० मिली. इन्फ्युजन पंप नसेल तर मायक्रो सेट लावा. त्यात मिलीला ६० थेंब पडतात, त्यामुळे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. २५ मिली हवे तर २५ थेंब. खाटेशी घड्याळ धरून मोजा.

गोंधळलेला आहे की नाही, हे ठरवतानाही आपल्या भागात एक गंमत होते. आजी खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या, त्यांना मराठीशिवाय काही येत नाही, सिस्टर विजापूरकडच्या. कन्नडमध्ये ‘इवत्तु याव वार?’ (आज वार कोणता?) विचारलं की आजी नुसत्या बघत राहतात आणि केसपेपरवर ‘डिसओरिएंटेड’ लागतं. उलटही होतं: बरळतायत, पण भाषा कळत नसेल म्हणून सोडून दिलं जातं. घरच्या माणसाला मध्ये घेऊन त्यांच्याच बोलीत विचारा. आणि रात्री पेशंट उठबस करतोय, सुई उपसतोय, म्हणून झोपेचं इंजेक्शन देण्याआधी सोडियम बघा.

सलाईन लावण्याआधी लघवी बाजूला काढा

झटके नसतील तर पहिली बाटली टांगण्याआधी लघवीचा नमुना घ्यायचा. एनएस किंवा फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) गेल्यावर घेतलेल्या नमुन्याचा अर्थ लावताना डोकं फिरतं. स्पॉट युरिन (एकाच वेळची लघवी) सोडियम, पोटॅशियम आणि ऑस्मोलॅलिटी (लघवी किती घट्ट आहे ते) पाठवा. ऑस्मोलॅलिटी तालुक्याला होत नसेल तर नमुना बेळगावच्या लॅबला जाईल. तोवर साध्या पट्टीवर स्पेसिफिक ग्रॅव्हिटी बघा. १.००५ किंवा कमी असेल तर लघवी पातळ आहे, मूत्रपिंड पाणी सोडतंय.

लघवीची ऑस्मोलॅलिटी १०० च्या खाली असेल तर एडीएच बंद आहे. पेशंट फार पाणी पितोय किंवा फार कमी खातोय. तांदळाची पेज, चहा, खारी एवढ्यावर महिनाभर काढलेले म्हातारे यात सापडतात. मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकायला मीठ आणि युरिया लागतो. पेजेत दोन्ही नाहीत.

ऑस्मोलॅलिटी १०० च्या वर आणि लघवीतलं सोडियम ३० च्या खाली असेल तर शरीर मीठ धरून ठेवतंय: जुलाब-उलट्या, किंवा पायावर सूज असेल तर हृदय नाहीतर लिव्हर. ३० च्या वर असेल तर लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, एसआयएडीएच (गरज नसताना एडीएच वाढलेलं राहणं), थायरॉइड, अॅड्रिनल यांचा विचार. न्यूमोनिया, टीबी मेनिंजायटिस, फुप्फुसाची गाठ, पोटाचं ऑपरेशन, सगळ्यांत एसआयएडीएच होतो. युरिक अॅसिड ४ च्या खाली आलं तर संशय बळावतो, आणि ती तपासणी कुठेही स्वस्तात होते. बीपी कमी, पोटॅशियम जास्त, त्वचा काळवंडलेली, जुना टीबी असेल तर कॉर्टिसॉल (अॅड्रिनल ग्रंथीचं हार्मोन) पाठवा.

आता गोळ्यांची पिशवी. नातेवाइकांना ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ विचारू नका. घरून पिशवीच मागवा. बीपीच्या गोळीच्या नावामागे ‘एच’ किंवा ‘सीटी’ असेल तर तिच्यात लघवी वाढवणारं थायझाइड गटाचं औषध असतं, आणि बेसावध पकडणारं कारण बहुधा तेच. फिटची कार्बामॅझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, नैराश्याची एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन हीही त्याच पिशवीत निघतात. ‘बीपी आहे, मीठ बंद’ असा सल्ला आणि वर एचची गोळी, ही जोडी सत्तरीनंतर फार वाईट.

एनएस कुणाला द्यायचं, कुणाला नाही

जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या पेशंटला एनएस हेच औषध. एसआयएडीएचमध्ये मात्र तेच उलटतं. एक लिटर एनएसमध्ये ३०८ मिलिऑस्मोल मीठ असतं. लघवीची ऑस्मोलॅलिटी ६१६ ला अडकलेली असेल तर मूत्रपिंड ते सगळं मीठ अर्ध्या लिटर लघवीतून टाकून देतं आणि उरलेलं अर्धा लिटर निव्वळ पाणी अंगात राहतं. बाटली चढली आणि सोडियम उतरलं, याचा हिशेब हा असा.

एसआयएडीएचला पाणी कमी करायचं: सलाईन आणि तोंडावाटे मिळून दिवसाला ८०० ते १००० मिली. आधी गणित करा. लघवीतलं सोडियम अधिक पोटॅशियम, भागिले रक्तातलं सोडियम. उत्तर १ च्या वर असेल तर नुसतं पाणी तोडून उपयोग नाही. मीठ आणि फ्युरोसेमाइड, किंवा फिजिशियनच्या सल्ल्याने तोंडावाटे युरिया लागेल. टोल्व्हाप्टन (एडीएचचं काम अडवणारी गोळी) १५ मिलिग्रॅमने सुरू होते, तीही अॅडमिट असतानाच. लिव्हरच्या पेशंटला नको. पहिल्या दिवशी तिच्याबरोबर पाणी तोडायचं नाही, आणि सहा-आठ तासांत सोडियम बघायचं.

पाणी तोडणं कागदावर सोपं. अँटिबायोटिक १०० मिलीत मिसळून दिवसातून तीनदा गेलं की ३०० मिली तिथेच संपले. नातेवाइकाला ‘पाणी कमी द्या’ सांगून काही होत नाही; अर्ध्या लिटरची रिकामी बाटली हातात द्या आणि चहा, पेज, ताक, आमटी सगळं तिच्यातूनच मोजायला लावा. खाटेवर पाटी दोन्ही भाषांत: पाणी, नीरु, तोंडावाटे दिवसाला ५०० मिली. भेटायला येणारे शहाळं घेऊन येतात. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी, आणि मोजलं तर ते पाणीच. जेवणातलं मीठ तोडू नका. अंडी, डाळ, उसळ चालू ठेवा.

लघवी अचानक सुटली की सावध

सोडियम कमी होऊन दोन दिवसांपेक्षा जास्त झाले असतील, किंवा किती दिवस झाले ते माहीत नसेल, तर २४ तासांत सोडियम १० पेक्षा जास्त चढू द्यायचं नाही. दारू पिणारा, कुपोषित, लिव्हरचा, पोटॅशियम कमी असलेला, किंवा सोडियम १०५ वा त्याखाली आलेला पेशंट असेल तर ८ हीच हद्द. ती ओलांडली तर मेंदूतल्या चेतांचं आवरण सुटू शकतं. त्याच दिवशी काहीच दिसत नाही. दोन ते सहा दिवसांनी बोलणं अडखळतं, घास अडकतो, हातपाय लुळे पडतात. तोवर डिस्चार्जही झालेला असतो.

वेग बहुतेकदा आपल्या सलाईनमुळे चुकत नाही, लघवीमुळे चुकतो. सुकलेल्या पेशंटला दोन बाटल्या एनएस गेलं, मळमळ थांबली, थायझाइड बंद झालं, की एडीएच बंद होतं आणि मूत्रपिंड धो-धो पातळ लघवी सोडतं. म्हणून कॅथेटर असेल तर युरोबॅग दर तासाला बघायची. तासाला १०० मिलीच्या वर जायला लागली की लगेच सोडियम करा. एरवी पहिल्या दिवशी दर चार ते सहा तासांनी.

पोटॅशियमही हिशेबात धरा, कारण ते सोडियमइतकंच सोडियम चढवतं. वरच्याच आजींना एक लिटर नुसत्या एनएसने पावणेदोन चढेल. त्यात पोटॅशियम क्लोराइडचे २० चे दोन अँप्यूल घातले की साडेतीन. पोटॅशियम देण्याचा वेग तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटच्या वर नको.

हद्द ओलांडली गेलीच तर सोडियम चढवणारं सगळं बंद. डी फाईव्ह किलोमागे १० मिली, तासाभरात. पन्नास किलोला अर्धा लिटर. सोबत डेस्मोप्रेसिन (एडीएचसारखं काम करून लघवी रोखणारं औषध) २ मायक्रोग्रॅम शिरेतून. हे इंजेक्शन छोट्या गावात रात्री मिळेलच असं नाही, म्हणून लघवी सुटतेय असं दिसताच बेळगावला किंवा निपाणीहून कोल्हापूरला हलवायचं ठरवा.

हलवताना चिठ्ठीवर पहिलं सोडियम, त्याची वेळ, नंतरचे सगळे आकडे वेळेसह, तीन टक्के किती मिली गेलं, लघवी किती झाली, हे लिहाच. पुढच्या दवाखान्याचे २४ तास तुमच्या पहिल्या आकड्यापासून मोजले जातात. नुसतं ‘हायपोनेट्रेमिया (सोडियम कमी), सलाईन दिलं’ वाचून तिथला डॉक्टर आणखी १० चढवून मोकळा होईल.

घरी सोडताना एचची गोळी बंद केली असेल तर जुन्या चिठ्ठीवरही आडवी रेघ मारा, नाहीतर पुढच्या महिन्यात मुलगा रिकामी स्ट्रिप दाखवून मेडिकलमधून तीच घेऊन येतो. पिशवीतल्या उरलेल्या गोळ्या काढून घ्या. आठवड्याने सोडियम तपासायला यायची तारीख त्याच कार्डावर, मराठीत आणि कन्नडमध्ये.