परसबाग राखायची तर जाळीचा पदर नीट बसवा

कोकणात घरामागे चार वाफे भाजी केली की दिवसा माकडं आणि मोर, रात्री साळिंदर आणि घुशी हे ठरलेलंच. माठ-मुळा उगवून वर आला की मोर कोंब खुडतात, वांगी धरली की माकडांची टोळी उतरते, रताळी आणि कणगराचे कंद पोसले की साळिंदर एका रात्रीत वाफा उलथून टाकतं.

यावर लोक सांगतात ते बहुतेक उपाय मी करून पाहिलेत. बुजगावणं, टांगलेल्या सीडी, सलूनमधले केस, मिरचीची धुरी. आठवडाभर बरं वाटतं. नंतर माकड त्याच बुजगावण्याच्या खांद्यावर येऊन बसलेलं मी पाहिलंय. डांबरगोळ्या भाजीच्या मातीत टाकू नका, ते विष आहे. घुशीला औषध घातलंत तर ती घूस खाणारं घुबडही मरतं. आणि कुंपणात करंट सोडायचा विचारसुद्धा करू नका. तो गुन्हा आहे, आणि त्याने माणसं गेली आहेत. मोर तर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी; १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला हात लावता येत नाही. भाजी आत आणि प्राणी बाहेर, एवढाच उपाय मला टिकलेला दिसला.

जागा लहान घ्या. १० बाय २० फूट पुरे, कारण वरूनही झाकायचं आहे. सहा-सहा फुटांवर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) पाइप रोवा, जमिनीवर सात फूट उंची ठेवा. छताला आणि बाजूंना दोन इंची जीआय वेल्ड जाळी लावा. एवढ्या भोकांतून मधमाश्या सहज ये-जा करतात, म्हणून काकडी-दोडक्याला फळ धरतं. वरून घट्ट शेडनेट टाकणाऱ्यांचे वेल नुसते फुलतात. माकडाचा हात आत येतो, तेव्हा वांगी-टोमॅटो बाजूच्या जाळीपासून हातभर आत लावा.

आता तळ. माझी तीन वर्षं इथेच गेली, म्हणून हे सावकाश वाचा.

पहिल्या वर्षी मी जाळी सरळ फूटभर खाली पुरली. सगळीकडे असंच लिहिलेलं असतं. साळिंदराने जाळीच्या पायाशी उकरलं आणि दीड फुटावरून खालून आत आलं. आमच्याकडे हातभर मातीखाली जांभ्याचा कातळ लागतो, त्याहून खोल चर पहारीनेही निघत नाही.

दुसऱ्या वर्षी कुणीतरी जुनं मासे मारायचं नायलॉनचं जाळं दिलं. ते मी तळाला गुंडाळून सोडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यात धामण. पुढे जायला तिने जोर केला तसा दोरा खवल्यांखाली रुतत गेला होता, दोन ठिकाणी कातडी फाटली होती. सर्पमित्राने नखं कापायच्या कात्रीने एकेक दोरा तोडला, पाऊण तास लागला. धामण आपल्या बागेतले उंदीर खाते, आणि तिच्यासाठी फास आपणच लावून ठेवतो. नायलॉनचं सैल जाळं जमिनीलगत कधीही लावू नका. असा साप अडकलेला दिसला तर ओलं गोणपाट टाकून सावली करा आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. स्वतः सोडवायला जाऊ नका, ती घोणसही असू शकते.

तळाला कडक, अर्धा इंची जीआय वेल्ड जाळी हवी. षटकोनी कोंबडीजाळी नको, आमच्या हवेत ती दोन पावसाळ्यांत गंजते आणि घूस ती कुरतडते. चार फूट रुंदीची गुंडाळी घ्या. त्यातली सव्वा फूट बाहेरच्या बाजूला काटकोनात वाकवा, उरलेली पावणेतीन फूट खांबांना बाहेरून उभी बांधा, म्हणजे प्राण्याने ढकललं तरी जोर खांबावर येतो. वाकवलेला भाग जमिनीवर पदरासारखा पसरतो. वरची चार बोटं माती ओढून त्याखाली तो दाबा, वर ओळीने जांभ्याचे चिरे ठेवा. प्राणी कुंपणाला नाक लावून तिथेच उकरायला लागतो. पायाखाली जाळी लागली की मागे सरून दुसरीकडून उकरायचं त्याला सुचत नाही.

तिसऱ्या वर्षी हे सगळं केलं आणि तरीही रताळी गेली. कोपऱ्यातून. पदर दोन्ही बाजूंना वाकवला की बरोबर कोपऱ्यावर चौकोनी तुकडा उघडा राहतो. तिथे दोन फुटांचा वेगळा तुकडा टाका, दोन्ही पदरांवर वीतभर चढवा आणि जीआय तारेने दर चार बोटांवर बांधा. साधी बांधणीची तार एका पावसात गंजून तुटते. चारही कोपरे झाल्यावर मी पायाने दाबून पाहते. कडा उचलली गेली की पुन्हा बांधते.

हे काम नवरात्र ते दिवाळीत उरका, जमीन ओली असते तोवर. माघात त्याच मातीत पहार उडते.

दाराखाली चिऱ्याचा उंबरठा, फट अर्ध्या इंचाहून कमी. तिथला पदर उंबरठ्याखालून सलग न्या.

हळद, आलं, अळू बाहेर लावा, आमच्याकडे माकडं त्यांना तोंड लावत नाहीत. रानडुक्कर असेल तर मात्र ही जाळी पुरणार नाही, तिथे चिऱ्याचा गडगाच घालावा लागतो.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी एक फेरी मारते, वाहून गेलेली माती पुन्हा पदरावर ओढते. चौथ्या वर्षापासून साळिंदराच्या खुणा कुंपणाबाहेरच दिसतात. धामण अजून आहे. जाळीवरून चढते, दोन इंची भोकातून आत जाते आणि अडकत नाही.