हजेरीच्या जुन्या मशीनसाठी राऊटरला दुसरा आयपी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मायक्रोटिकचा नवा राऊटर बसवला. सगळे कॉम्प्युटर १९२.१६८.१०.० च्या रेंजमध्ये घेतले, पण हजेरीचं मशीन १९२.१६८.०.५० वरच अडकलेलं. पासवर्ड कुणालाच माहीत नाही. रीसेट मारला तर कामगारांचे अंगठे पुसले जाणार, आणि शनिवारी पगार. अशा वेळी मशीनला हातच लावू नका, राऊटरच्या ज्या इंटरफेसवर (जोडणीवर) नवी रेंज आहे, त्यालाच दुसरा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, द्या.

आधी जुना राऊटर कुठे कपाटामागे चालू राहिलाय का बघा, असेल तर काढा. त्याचाच पत्ता, १९२.१६८.०.१, आपल्याला नव्याला द्यायचाय. मशीनमध्ये गेटवे, म्हणजे आपल्या रेंजबाहेर जायचा दरवाजा, म्हणून तोच भरलेला असतो. दुसरा काही दिलात तर पिंग (मशीन उत्तर देतं का बघायची हाक) मशीनपर्यंत पोचेल, उत्तर परत येणार नाही.

विनबॉक्समध्ये (मायक्रोटिकच्या सेटिंगचं सॉफ्टवेअर) आयपी, मग ॲड्रेसेस, मग अधिकचं चिन्ह. पत्ता १९२.१६८.०.१/२४ असा भरा. नेटवर्कचा रकाना सोडून द्या, तो आपोआप भरतो. इंटरफेस पहिल्या पत्त्याचाच निवडा; पोर्ट ब्रिजमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेले, असतील तर ब्रिज. शेवटचं /२४ मात्र विसरू नका, रेंज केवढी ते त्यावरून ठरतं. मी त्या दिवशी घाईत विसरलो. राऊटरने /३२ धरलं, म्हणजे फक्त तो एकच पत्ता, नेटवर्कच्या रकान्यात १९२.१६८.०.० ऐवजी १९२.१६८.०.१ आलं होतं, आणि मी पाऊण तास केबल बदलत बसलो.

राऊटर सिस्को कंपनीचा असेल तर पत्ता देणाऱ्या कमांडच्या ओळीच्या शेवटी 'सेकंडरी' लागतंच. ते राहिलं की नवा पत्ता पहिल्याला पुसून टाकतो, आणि तुम्ही त्याच पत्त्यावरून लॉगिन असाल तर जागेवर बाहेर पडता.

डीएचसीपी (कॉम्प्युटरना आपोआप पत्ते वाटणारी सोय) नव्या रेंजलाच राहू द्या. जुन्या रेंजला इंटरनेट हवं असेल तर नॅटचा (आतले पत्ते बदलून इंटरनेटवर पाठवणारा) नियम तपासा; सोर्स ॲड्रेसमध्ये फक्त नवी रेंज लिहिलेली असली तर जुनी बाहेर जात नाही.

आणि मालकाला 'आता दोन नेटवर्क वेगळी झाली' असं सांगू नका. वायर एकच आहे, या रेंजमधून त्या रेंजमध्ये सगळं दिसतं. हिशेबाचा कॉम्प्युटर खरंच वेगळा ठेवायचा तर व्हीएलॅन (त्याच वायरवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) करा आणि दोघांमधली वाट फायरवॉलने बंद करा, नुसता दुसरा आयपी देऊन भागत नाही.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून १९२.१६८.०.५० ला पिंग करा. रिप्लाय आला की हजेरीचं सॉफ्टवेअर उघडून एका दिवसाचा डेटा ओढून बघा, आणि दोन्ही पत्ते मार्करने राऊटरच्या पाठीवर लिहून ठेवा.