बाळंतपणानंतर लघवी गळत असेल तर कोणाकडे जावे, काय सांगावे

शिंक आली किंवा बाळाला उचलले की लघवीचे थेंब गळतात, वायू अडवता येत नाही, खाली काहीतरी उतरल्यासारखे जड वाटते, किंवा टाके भरून कित्येक आठवडे झाले तरी संबंधाच्या वेळी दुखते. बाळंतपणानंतर या तक्रारी इतक्या सर्रास आढळतात की घरातल्या मोठ्या बायका ‘होतं असं, आमचंही झालं’ म्हणून विषय मिटवून टाकतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार देणारे स्नायू, ज्यांना डॉक्टर पेल्व्हिक फ्लोअर म्हणतात, गरोदरपणाच्या भाराने आणि प्रसूतीच्या ताणाने सैल पडतात, फाटतात, तर काही वेळा उलट आखडून बसतात. सिझेरियन झालेल्या बाईलाही हा त्रास होऊ शकतो, कारण नऊ महिन्यांचा भार तिच्याही स्नायूंनी पेललेला असतो.

पहिल्या काही आठवड्यांतले थोडेफार गळणे बहुतेकींचे आपोआप कमी होत जाते. सहा आठवड्यांनंतरही ते चालू असेल, तर मात्र तपासणी करून घ्यावी. लघवी अजिबात होत नसेल, ताप असेल, टाके उसवले असतील किंवा त्यांतून पू येत असेल, जांघांच्या मधला भाग बधिर झाला असेल, किंवा तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव होत असेल, तर सव्वा महिना घराबाहेर पडायचे नाही हा दंडक बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शौचावर ताबा राहत नसेल, तर तेही सहा आठवडे थांबून बघण्याजोगे नाही.

सहा आठवड्यांच्या भेटीत एक अडचण हमखास येते. बाळाच्या लसीकरणाची वेळही तीच असते. त्यामुळे बाळाचे वजन, लस आणि दूध यांतच सगळा वेळ जातो, आणि टाके ठीक आहेत ना एवढे विचारून आईला घरी पाठवले जाते. लघवी गळते का, असे डॉक्टर आपणहून विचारतीलच असे नाही, म्हणून खोलीत शिरताच आपली तक्रार आधी मांडावी. ‘खाली जरा त्रास आहे’ या वाक्यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘खोकल्यावर लघवी गळते, दिवसाला दोन पॅड बदलावे लागतात, बाळंतपणाआधी असे नव्हते’ असे सांगितले, तर पुढची तपासणी नेमकी होते. बोलायला संकोच वाटत असेल, तर हेच कागदावर लिहून द्यावे. त्यात कमीपणा काही नाही.

भेटीपूर्वी तीन दिवस एका वहीत नोंद ठेवावी: किती वाजता काय प्यायले, किती वाजता लघवी झाली, मापाच्या भांड्यात मोजली तर किती मिलिलिटर भरली, आणि गळली तेव्हा नेमके काय चालले होते. खोकताना, उचलताना गळणे आणि घाई होऊन न्हाणीघरापर्यंत पोचण्याआधीच गळणे, यांचे उपचार वेगळे असतात, आणि हा फरक वहीतून चटकन दिसतो. प्रसूतीचे डिस्चार्ज कार्डही सोबत असावे. बाळ बाहेर काढायला चिमटा किंवा व्हॅक्यूम लावला होता का, फाटले असल्यास कितव्या श्रेणीचे, हे त्यावर लिहिलेले नसेल तर विचारून घ्यावे. तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीत गुदद्वाराचा स्नायू फाटलेला असतो.

सुरुवात स्त्रीरोगतज्ज्ञांकडून करावी. ते लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही याची खात्री करतात आणि अंग, म्हणजे गर्भाशय किंवा योनीची भिंत, किती खाली उतरले आहे ते पाहतात. गावात आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांपर्यंत ठरावीक भेटी देतात. त्यांच्याशी बोलून प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तिथून जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असा मार्ग धरता येतो. आतील तपासणी आपल्या संमतीनेच व्हावी आणि नको वाटल्यास मध्येच थांबवायला सांगता येते. तपासणारे डॉक्टर पुरुष असतील, तर दुसरी स्त्री हजर असणे हा रुग्णाचा हक्क आहे.

व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठवण्याची मागणी स्पष्टपणे करावी. गुडघे-कंबर पाहणारा प्रत्येक जण हे काम करतोच असे नाही, म्हणून बाळंतिणींच्या तक्रारींचा अनुभव आहे का आणि महाराष्ट्रात असल्यास राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेत नोंदणी आहे का, हे आधी विचारावे. व्हिडिओ पाहून केगल, म्हणजे हेच स्नायू आवळण्याचे व्यायाम करणाऱ्या अनेकजणी श्वास कोंडून खाली जोर लावतात, आणि त्याने दुखणे उलट वाढते. स्नायू आत आणि वर ओढला जायला हवा. तो ओढला जातो का, हे तज्ज्ञ बोटाने तपासून सांगतात. साधारणपणे एका वेळी किमान आठ आकुंचने, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने, असा क्रम सुचवला जातो. स्नायू आखडलेले असतील, तर आधी ते सैल सोडायला शिकवतात, आणि हा भेद घरच्या घरी ओळखता येत नाही. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे ही जुनी रीत याच काळात नडते: मलावरोध होतो, कुंथावे लागते आणि दुखावलेल्या स्नायूंवर पुन्हा ताण येतो.

एवढ्यावर ‘पिशवी काढून टाका’, म्हणजे गर्भाशय काढा, असा सल्ला मिळाला, तर लगेच होकार देऊ नये. खोकताना लघवी गळणे पिशवी काढल्याने बरे होत नाही. अंग उतरले असले तरी बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यांत व्यायाम आणि योनीत बसवायची आधाराची रिंग, म्हणजे पेसरी, हे उपाय आधी करून पाहतात. शिवाय पुढे मूल हवे असेल तर शस्त्रक्रिया सहसा लांबणीवर टाकली जाते. असा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, शक्यतो सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, जिथे सल्ला देणाऱ्याला शस्त्रक्रियेतून सहसा फारसे काही मिळायचे नसते.

तीन महिने नेमाने व्यायाम करूनही फरक पडला नाही, तर तीच वही घेऊन परत जावे आणि युरोगायनॅकॉलॉजिस्टकडे, म्हणजे स्त्रियांच्या मूत्रविकारांच्या आणि अंग उतरण्याच्या तज्ज्ञांकडे, पाठवता येईल का, असे विचारावे. तक्रार शौचाची असेल, तर गुदरोगांच्या शल्यचिकित्सकांचे मत लागते. पुढच्या गरोदरपणात नाव नोंदवतानाच जुने डिस्चार्ज कार्ड दाखवावे, म्हणजे प्रसूती कशी करायची हे आधीपासून ठरवता येते.