मटार फ्रीझरमध्ये टाकताना एवढं कराच
सध्या मंडईत पुरंदरचा मटार मस्त आलाय, सगळे पाच-पाच किलो घेऊन सोलत बसलेत, पण प्लीज सोललेले दाणे तसेच एका मोठ्या पिशवीत कोंबून फ्रीझरमध्ये टाकू नका. होतं काय, दाण्याच्या प्रत्येक पेशीत पाणी असतं आणि बर्फ होताना ते साधारण 9 टक्के फुगतं, त्यात पिशवीचा गठ्ठा हळूहळू गार होतो म्हणजे बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशींच्या भिंती फाडतात, मग उसळ करताना दाणा पिचपिचीत आणि साल वेगळी.

त्यापेक्षा उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं टाका, लगेच बर्फाच्या पाण्यात, याने रंग-चव घालवणारी एन्झाइम्स थांबतात (थंडीने ती नुसती मंदावतात), मग कापडावर अगदी कोरडे करा आणि ताटात एकच थर पसरून फ्रीझरमध्ये ठेवा. दाणे खडखडीत वाजायला लागले की पिशव्या भरा, पण छोट्या, एका भाजीपुरत्या.

अलास्कातला वूड फ्रॉग नावाचा बेडूक हिवाळ्यात चक्क गोठतो आणि वसंतात परत उड्या मारतो, कारण त्याच्या पेशींमध्ये ग्लुकोज भरतं आणि आत बर्फ होत नाही, मला हे फारच भारी वाटतं! मटाराकडे ती सोय नाही.

आणि हो, फ्रीझरच्या उणे 18 अंश सेल्सिअसला बॅक्टेरिया मरत नाहीत, फक्त झोपतात, त्यामुळे लाइट बराच वेळ गेली आणि दाणे पूर्ण सुटून कोमट झाले तर ते परत गोठवू नका.