पहिलं पद कुठलं टाकू? मध्य प्रदेश राज्य सेवेचा पसंतीक्रम भरणाऱ्यांसाठी

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी दर वर्षी एक-दोन मुलं तरी येतात. कुणी भाच्याचा मित्र असतो, कुणी शेजारच्या काकूंची सून. राज्य सेवेची पूर्वपरीक्षा पार झालेली असते आणि प्रश्न ठरलेला असतो, "मावशी, पहिलं पद कुठलं टाकू?" मी 1988मध्ये नायब तहसीलदार म्हणून लागले आणि 62व्या वर्षी तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. त्या मुलांना चहा देऊन जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

आधी पगार, कारण घरचे तेच विचारतात. जाहिरातीत पदापुढे दोन आकडे असतात. नायब तहसीलदारापुढे 36,200 ते 1,14,800 आणि डेप्युटी कलेक्टरपुढे 56,100 ते 1,77,500. यातला पहिला आकडा म्हणजे सुरुवातीचं मूळ वेतन. दुसऱ्याकडे बघून हरखू नका, तिथवर पोचायला जन्म जातो. वर्षाला वाढ मिळते ती मूळ वेतनाच्या 3 टक्के.

आता कागद घ्या आणि हिशेब करा. महागाई भत्ता बदलत राहतो, आपण 55 टक्के धरू. नायब तहसीलदाराचे 36,200 अधिक 19,910, म्हणजे 56,110. त्यातून 10 टक्के, 5,611 रुपये, नव्या पेन्शनच्या खात्यात जातात आणि सरकार आपले 14 टक्के वेगळे घालतं. प्रोफेशनल टॅक्स वर्षाचा 2,500. घरभाडे भत्ता नेमणुकीच्या गावावर ठरतो, तो सोडला तर हातात साधारण 50 हजार येतात. डेप्युटी कलेक्टरचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून, कपातीआधी, 86,955 होतात. 1 जानेवारी 2005नंतर राज्याच्या नोकरीत आलेल्यांना माझ्यासारखी जुनी पेन्शन नाही. म्हणून पहिल्या पगारापासून थोडं वेगळं टाका. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते.

पण पगाराचा हिशेब अर्ध्या तासात उरकतो. पद निवडायचं ते त्या पदाचा दिवस कसा जातो हे बघून, आणि तो बघायला एका मंगळवारी सकाळी मोती तबेल्याला कलेक्टर कचेरीत जा. मंगळवारी जनसुनवाई असते. कोपऱ्यात उभे राहा आणि कोण काय घेऊन येतं ते ऐका. कुणाचा सीमांकनाचा अर्ज अडकलेला असतो, कुणाचं नामांतरण झालेलं नसतं, कुणाची पेन्शन बंद पडलेली असते. (पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांना मला नेहमी समजवावं लागतं : आमचा पटवारी म्हणजे तुमचा तलाठी, नामांतरण म्हणजे फेरफार, सीमांकन म्हणजे मोजणी.) महसुलातल्या माणसाचा आठवडा या कागदांतच जातो. वाद नसलेलं नामांतरण 30 दिवसांत व्हायला हवं. 2010च्या लोकसेवा गारंटी कायद्यापासून मुदत चुकली की अधिकाऱ्याला दंड आहे. 181 या सीएम हेल्पलाइनवर आलेली तक्रार वेळेत मिटली नाही तर एल-1वरून एल-2, एल-3 अशी वरच्या अधिकाऱ्यांकडे चढते आणि समय-सीमा बैठकीत, म्हणजे मुदतीच्या कामांच्या आढाव्यात, तुमचं नाव घेऊन विचारली जाते.

कचेरीबाहेरचं काम कसं असतं ते एका प्रसंगातून सांगते. देवास जिल्ह्यात सोनकच्छकडे असताना मार्चमध्ये गारपीट झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पटवारी, कोटवार (गावचा चौकीदार) आणि मी गव्हाच्या शेतात उभे होतो. पीक लांबून बरं दिसत होतं. शेतकरी काही बोलला नाही. त्याने एक ओंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि हात माझ्यापुढे धरला. अर्धे दाणे हिरवट, चपटे होते, अंगठ्याने दाबल्यावर दूध निघत होतं. राजस्व पुस्तक परिपत्र 6-4, म्हणजे सरकारी मदतीचे नियम, त्याप्रमाणे मदत नुकसानीच्या टक्क्यांवर ठरते. म्हणजे बांधावरून नजर टाकून लिहिलेला एक आकडा त्याचे हजारो रुपये कमी करू शकत होता. त्या दिवशी आम्ही प्रत्येक शेतात चार कोपरे आणि मधली जागा, अशा पाच ठिकाणच्या ओंब्या चोळल्या आणि मगच पंचनामा लिहिला. संध्याकाळी बोटं सोलवटली होती. माझ्या नोकरीतलं मला सर्वांत जवळचं काम हेच. असं काम करावंसं वाटत असेल, तरच महसूल वर टाका.

सणवार घरी होत नाहीत, हेही ऐकून ठेवा. मिरवणूक, दंगल, निवडणूक, सगळीकडे कार्यपालिक दंडाधिकारी म्हणून उभं राहावं लागतं. 2016च्या सिंहस्थात महिनाभर उज्जैनला होते, घरी फक्त फोन. पुढचा सिंहस्थ 2028मध्ये आहे, आत्ता निवड झालेल्यांनी तो धरून चालावा. आणि निवडणूक आयोगाच्या नियमामुळे निवडणुकीशी थेट संबंध येणाऱ्या अधिकाऱ्याला तेव्हा गृहजिल्ह्यात ठेवत नाहीत. इंदूरच्याच मुलांना हे नेमणूक झाल्यावर कळतं, मग आई-वडिलांची व्यवस्था घाईने करावी लागते.

घरात आजारी माणूस असेल, लहान मूल असेल, तर वाणिज्यिक कर विभागाला कमी लेखू नका. त्याचं मुख्यालय इंदूरलाच आहे आणि काम बहुतेक जीएसटीच्या फायलींचं. आबकारी (दारूवरचं उत्पादन शुल्क) आणि भू-अभिलेख यांची मुख्यालयं ग्वाल्हेरला, त्यामुळे तिकडच्या मंडळींनी ती बाजू बघावी. डीएसपीच्या पदाला वयाची आणि शरीराची अट वेगळी आहे, ती जाहिरातीत नीट वाचा. वर्दी आवडते एवढ्यावरून टाकू नका.

आता बढतीबद्दल, कारण याच ठिकाणी मुलं सर्वांत जास्त फसतात. कागदावर वाट सरळ आहे : नायब तहसीलदार, तहसीलदार, डेप्युटी कलेक्टर, जॉइंट कलेक्टर, अपर कलेक्टर. डेप्युटी कलेक्टर म्हणून 8 वर्षं झाली की आयएएसमध्ये निवडीसाठी पात्रता येते, आणि आयएएसच्या जागांपैकी एक तृतीयांश अशा बढतीने भरतात. पण एप्रिल 2016मध्ये उच्च न्यायालयाने 2002चे बढतीचे नियम रद्द केले, प्रकरण वर गेलं आणि राज्यातल्या बढत्या वर्षानुवर्षं थांबल्या. माझं नाव ज्येष्ठता यादीत वर आलं होतं. डेप्युटी कलेक्टरचं काम प्रभारी म्हणून केलं, पण पदाचा आदेश न मिळताच निवृत्त झाले. याचं दुःख आजही आहे, ते लपवत नाही. पैशांचं नुकसान थोडं भरून निघालं, कारण 10, 20 आणि 30 वर्षांवर समयमान वेतनमान, म्हणजे बढती न होताही वरची वेतनश्रेणी, मिळतं. म्हणून ज्या पदावर सुरुवात होईल त्याच पदावर 15 वर्षं काढायची तयारी आहे का, हे स्वतःला विचारूनच क्रम लावा. उत्तर नाही आलं, तर खालचं पद घेऊन रुजू व्हा आणि पुन्हा परीक्षा द्या. माझ्या ओळखीत कितीतरी जणांनी नोकरी करता करता वरचं पद काढलं आहे.

यूपीएससीही देणाऱ्यांना भाषेबद्दल एक सांगते. तिथे मुख्य परीक्षेत भारतीय भाषेचा 300 गुणांचा अनिवार्य पेपर असतो आणि त्यात मराठी घेता येते. घरी मराठी बोलतो म्हणून आपली मुलं ती टाकतात. पण शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची असेल तर निबंध आणि सारांश लिहिताना हात अडतो, आणि या पेपरात 25 टक्के पडले नाहीत तर बाकीचे पेपर तपासलेच जात नाहीत. आधी घड्याळ लावून मराठीत 600 शब्दांचा एक निबंध लिहा आणि मराठी शिकवणाऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या. तो जमला तर मराठी घ्या, नाही तर हिंदी.

आणि माझ्याकडे येणार असाल तर जाहिरातीची छापील प्रत घेऊन या, पदांच्या यादीचं पान दुमडून. मोबाइलवर ते तक्ते मला आता दिसत नाहीत. मंगळवार सोडून कधीही या, मंगळवारी तुम्ही मोती तबेल्यात असायला हवं.