पोराबाळांसकट कुरडया कशा घालाव्यात

होळीला पुरणपोळीच्या ताटात जी कुरडई तळून ठेवतो ती बहुतेक घरांत मागच्या वर्षीचीच असते. डब्याच्या तळाशी राहिलेला चुरा दिसला की समजायचं, नव्या कुरडयांचे दिवस आले. आमच्या तासगाव भागात रंगपंचमी झाली की गुढीपाडव्याच्या पुढं-मागं गच्च्या पांढऱ्या व्हायला लागतात. शाळा सकाळच्या होतात, कडुनिंबाला मोहर येतो आणि ऊन तापलेलं असलं तरी अजून अंगावर धावून येत नाही. वाळवणाला याहून चांगले दिवस नाहीत. चैत्र संपत आला की दुपारी आभाळ भरून यायला लागतं. एकदा वळवानं गाठलं की सगळी पळापळ. म्हणून मी तरी चैत्राच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकते.

कुरडया विकतही मिळतात. बचत गटाच्या बायका चांगल्या करतात, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण पुण्या-मुंबईची नातवंडं-भाचरं दोन दिवस गावाला आली की त्यांच्या हाताला काय द्यायचं, हा प्रश्न मला कुरडयांनी सोडवून दिला. या कामात वर्षाच्या पोरापासून ऐंशीच्या म्हातारीपर्यंत प्रत्येकाला काहीतरी करायला असतं, आणि मधेमधे खायलाही असतं. तेव्हा हे एकटीनं करायचं काम नव्हे. एकटी करणारी बाई दुपारपर्यंत कंबर धरून बसते आणि पुढच्या वर्षी कुरडयांचं नाव काढत नाही.

शनिवार-रविवारी माणसं येणार असतील तर गहू बुधवारीच भिजत घाला. जुन्या बायका खपली गहू घेतात. माझ्या आत्या, म्हणजे सासूबाई, अजून खपलीच मागतात, कारण त्याचा चीक, म्हणजे भिजवून वाटलेल्या गव्हाचं गाळलेलं दाट दूध, त्यांना चिवट आणि चवीला गोड वाटतो. लोकवन घेतला तरी बिघडत नाही. पहिल्यांदाच करत असाल तर दोन किलोच्या वर जाऊ नका. गहू निवडून, धुऊन, वर चार बोटं पाणी राहील असे भिजवायचे आणि रोज सकाळी पाणी बदलायचं. पाणी बदलायचं राहिलं तर आंबूस वास धरतो आणि तो तळल्यावरही जात नाही. साधारण तीन दिवस लागतात. उन्हाळा चढलेला असेल तर थोडं आधीच होतात. दाणा चिमटीत दाबला की पांढरं दूध टचकन बाहेर आलं पाहिजे. हे बघायचं काम लहान पोरांना द्यावं. तपासण्यासाठी म्हणून ती मूठभर गहू संपवतात, पण हरकत नाही.

शनिवारी दुपारी दळण. पूर्वी पाट्यावर वाटायचे, आता मिक्सर आहे. काही गावांत ओले गहू दळून देणारी गिरणीही असते. मिक्सरला थोडे थोडे गहू पाणी घालून थांबत थांबत फिरवा. एकदम बारीक गंध केलात तर कोंडाही चिकात उतरतो आणि कुरडया काळपट होतात. मग मोठ्या परातीत पाणी घेऊन ते हातानं चोळायचं, पिळायचं आणि आधी चाळणीतून, मग सुती कापडातून गाळायचं. जुन्या धोतराचा तुकडा यासाठी सगळ्यात चांगला. मागं राहिलेला चोथा आणखी दोनदा पाण्यात कुस्करून गाळून घ्या, त्यात बराच चीक अडकलेला असतो. पोरांना हे चोळणं फार आवडतं. फक्त परात अंगणात ठेवा, घरात नको.

गाळलेलं पाणी झाकून रात्रभर अजिबात न हलवता ठेवायचं. सकाळी वर पिवळसर पाणी आणि खाली घट्ट बसलेला पांढरा चीक दिसतो. वरचं पाणी हळूहळू ओतून टाका. ते झाडांना घालता येतं.

चोथ्याचं काय? त्यात तिखट, मीठ, जिरं, ठेचलेला लसूण आणि थोडे तीळ घालून छोट्या वड्या थापल्या की भुसवड्या होतात. मला तर कधीकधी त्याच कुरडयांपेक्षा जास्त आवडतात. उरलेला चोथा म्हशीच्या आंबोणात.

आता रविवार. पहाटे पाचला चूल पेटली पाहिजे. ऊन चढायच्या आत निम्म्या कुरडया घालून व्हाव्यात, म्हणजे त्यांना पहिल्या दिवसाचं पुरतं ऊन मिळतं. चूल अंगणातच मांडा. गॅसवर मोठं पातेलं डगमगतं आणि घरातही सगळी वाफ कोंडते. चूल पेटवणं आमच्याकडं मामांचं, सासऱ्यांचं काम. गडीमाणसांना आधीच सांगून ठेवा की चूल, पाणी, पातेलं उचलणं आणि सोऱ्या फिरवणं त्यांच्याकडं आहे. नाहीतर चीक शिजला की वाटी घेऊन तेवढे हजर होतात.

तळाला बसलेला चीक हातानं ढवळून सारखा करा आणि वाटीनं मोजा. जेवढा चीक तेवढंच पाणी. चीक फार घट्ट असेल तर पाणी पाव वाटी वाढवा. चार वाट्या चिकाला सपाट चमचाभर मीठ बास. वाळल्यावर खारटपणा वाढतो, म्हणून चव घेताना अळणीच वाटलं पाहिजे. पाण्यात मीठ, चमचाभर तेल आणि चिमूटभर हिंग टाकून खळखळून उकळू द्या. आमच्या आत्या एवढ्या एकाच गोष्टीवर कडक आहेत.

“आगं, पाण्याला आदण येऊ दे की. त्याच्याबिगर चीक वतू नगंस, गुठळ्या हुत्याल.”

आणि होतातच. पाणी उकळलं की जाळ कमी करायचा. एकीनं बारीक धारेनं चीक ओतायचा आणि दुसऱ्यानं लांब लाकडी लाटण्यानं किंवा काठीनं एकाच दिशेनं, हात न थांबवता घाटायचं. इथं ताकदीचं माणूस लागतं, कारण मिनिटा-दोन मिनिटांत चीक एकदम जड होतो. सगळा चीक पडला की झाकण ठेवून निखाऱ्यावर दहा मिनिटं वाफ काढा, मधे एकदा तळातून हलवा. आधी दुधासारखा पांढरा असणारा चीक शिजत जाईल तसा काचेसारखी झळाळी धरतो. पाण्यात बुडवलेलं बोट वरून लावून बघा. बोटाला चिकटला नाही की शिजला.

आता सोऱ्या जरा बाजूला ठेवा. पहिला चीक खायचा. प्रत्येकाच्या वाटीत गरम चीक, लहानांना वर दूध-साखर, मोठ्यांना कच्चं तेल आणि मिरचीचा ठेचा. चुलीच्या कडेला गोल करून बसायचं आणि फुंकर मारत खायचं. हा पदार्थ वर्षातून या एकाच दिवशी होतो. शहरातली पोरं पहिल्या घासाला नाक मुरडतात, कारण तो तोंडात लगदा लागतो. जबरदस्ती करू नका. दुसरी पोरं भांडी चाटायला लागली की तीही वाटी पुढं करतात. फक्त पातेलं निखाऱ्यावर झाकून ठेवा. चीक गार झाला की सोऱ्यातून निघत नाही आणि निघाला तरी तार तुटते.

सोऱ्याला आतून तेलाचं बोट फिरवा. चकती मध्यम भोकांची, शेवेची. पितळी, फिरवायचा सोऱ्या असेल तर चांगलं. एकानं धरायचा, एकानं फिरवायचा, म्हणजे आठ-दहा वर्षांची पोरंही घालू शकतात. सोऱ्या तापतो, म्हणून त्याला ओल्या फडक्यात गुंडाळा. चीक भरायचं काम मात्र मोठ्या माणसानंच करायचं. गरम चीक हाताला चिकटला तर झटकता येत नाही, चांगलाच भाजतो. शेजारी गार पाण्याचं भांडं असू द्या. घरात दोन सोऱ्या असतील तर एक भरेपर्यंत दुसरा चालतो. नसेल तर शेजारणीचा आणा आणि परत देताना तिला चीक द्या.

गच्चीवर स्वच्छ प्लास्टिकचा कागद अंथरा, कडांना दगड ठेवा. जुनी सुती साडीही चालते, पण तिच्यावरून सोडवताना कुरडया तुटतात. दोन-तीन वेढ्यांची, तळहाताएवढीच कुरडई घाला. तळल्यावर ती कितीतरी फुलते. मोठी घातलेली कढईत मावत नाही. पोरांना एक कोपरा त्यांचा म्हणून देऊन टाका. तिथं ती स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर घालतात, साप घालतात, आमच्या पुतण्यानं एकदा ट्रॅक्टर घातला होता. चाकं सुटली, पण ट्रॅक्टर ओळखू येत होता. त्यात हात घालून सारखं करायला जाऊ नका. वेडीवाकडी असली तरी वाळते आणि तळते. जाड गोळा तेवढा राहू देऊ नका. तो आतून ओला राहतो आणि डब्यात बुरशी धरतो.

ऊन चढलं की मोठ्यांचं काम संपतं आणि राखणदारांचं सुरू होतं. कावळे, चिमण्या, शेजारच्या कोंबड्या, आणि जिना उघडा राहिला तर शेळीसुद्धा. एक जुनी काळी छत्री उघडून ठेवा, काठीला काळं फडकं बांधा आणि सावलीत दोन पोरं बसवा. दुपारपर्यंत कुरडया वरून सुकतात, आतून मऊ असतात. त्या तशाच ओढून खायला इतक्या चवदार लागतात की कावळ्यांपेक्षा राखणदारच जास्त खातात. हे गृहीत धरूनच गहू भिजवायचे.

दुपारचा स्वयंपाक त्या दिवशी करू नका. आदल्या रात्रीच्या दशम्या, शेंगाची चटणी, दही आणि कांदा, कडुनिंबाखाली फडकं अंथरून. सोबत पन्हं. दोन मोठ्या कैऱ्या सकाळी त्याच चुलीच्या राखेत भाजायला टाकून ठेवल्या तर वेगळा जाळ लागत नाही. साल काढून गर कुस्करायचा, गराच्या दुप्पट गूळ, चवीला मीठ, वेलदोडा, आणि माठाचं पाणी. भाजलेल्या कैरीच्या पन्ह्याला धुराचा हलका वास येतो, उकडलेल्याला येत नाही. मला भाजलेलीच आवडते. जेवणावर मोहराची बारकी फुलं पडत राहतात, ती उचलून टाकायची आणि खायचं.

उन्हं कलली की ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांनी पोरांना पोहायला न्यावं. आमच्या पूर्वेच्या भागात सगळ्याच विहिरींना तोपर्यंत पाणी राहत नाही. नवशिक्याच्या पाठीला मोकळा, घट्ट झाकणाचा डबा बांधतात. डबा बांधला तरी चांगला पोहणारा मोठा माणूस आधी पाण्यात उतरल्याशिवाय पोराला पायरीवरही सोडायचं नाही. यात सूट नाही.

संध्याकाळी दंव पडायच्या आत कागदासकट कुरडया घरात घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उलटून पुन्हा कडक उन्हात. आमच्याकडं याच दिवसांत रानात बेदाण्याची शेडं भरलेली असतात. बेदाणा सावलीत जाळ्यांवर, नुसत्या वाहत्या वाऱ्यावर वाळतो, तर कुरडईला थेट ऊन लागतं. पण कोरडी हवा दोघांनाही हवी आणि आभाळ आलं की बेदाणेवाला आणि कुरडईवाली दोघंही वर बघत बसतात. ढग आलेच तर कुरडया बंद खोलीत कोंडू नका, पंख्याखाली पसरा आणि ऊन पडलं की परत बाहेर.

दोन-तीन उन्हांत कुरडई कडकडीत होते. मोडली की कट्ट आवाज आला पाहिजे, वाकली तर अजून एक ऊन द्या. उन्हातून आणल्या आणल्या डब्यात भरू नका. गार होऊ द्या, नाहीतर झाकणाला घाम येतो. पत्र्याचा किंवा स्टीलचा घट्ट डबा असला की वर्षभर काही होत नाही.

तळताना तेल चांगलं तापलेलं हवं. छोटा तुकडा टाकला की लगेच वर येऊन फुलला पाहिजे. मग कुरडई टाका, झाऱ्यानं हलकं दाबा, उलटा आणि लगेच काढा. मधे कडक राहिली तर तेल गार होतं, तांबूस झाली तर तुम्ही गप्पा मारत होता.

आणि वाटणी. पोरांनी घातलेल्या ज्याच्या त्याच्या पिशवीत, वर नाव लिहून. घरी लग्न असेल तर रुखवतासाठी चांगल्या गोल निवडून वेगळ्या काढा. नणंदेचा डबा मात्र सगळ्यात आधी भरा. आमच्या वन्सं त्या दिवशी येऊ शकल्या नाहीत तरी कुरडया कधी वाळल्या ते त्यांना बरोबर ठाऊक असतं, आणि संध्याकाळी फोन येतोच.