स्कार्लेट फिंच ओळखताना आणि शोधताना या चुका टाळा

थंडी पडली की सिंहगडाच्या दरीतल्या फोटोंखाली हमखास विचारलं जातं, "हा स्कार्लेट फिंच आहे का?" नाही. स्कार्लेट फिंच सह्याद्रीत सापडतच नाही. तो हिमालयातला आणि ईशान्य भारतापासून म्यानमार, दक्षिण चीन, उत्तर व्हिएतनामपर्यंतच्या डोंगरी जंगलांतला, जाड चोचीच्या फिंच-कुळातला पक्षी.

सगळ्यात जास्त फसगत होते ती नुसता रंग बघून नाव ठरवल्याने. पुण्याच्या आसपास लाल नर बरेच दिसतात. निखाराचं (मिनिव्हेटचं) डोकं काळंभोर, चोच बारीक, शेपूट लांब. लाल मुनिया जेमतेम 10 सेंटिमीटरची, गवतात रमणारी, अंगावर पांढरे ठिपके. खरा घोळ होतो रोझफिंचमुळे. हा हिवाळी पाहुणा फिंचच आहे, शिवाय स्कार्लेट फिंचचा सख्ख्या गोतातला: डीएनए अभ्यासानंतर दोघांनाही कार्पोडॅकस या एकाच प्रजातीत, म्हणजे जीनसमध्ये, धरतात. जुन्या फील्ड गाइडमध्ये हिमॅटोस्पायझा असं नाव दिसलं तर पक्षी तोच, ब्रिटिश निसर्ग अभ्यासक हॉजसनने 1836 मध्ये वर्णन केलेला.

म्हणून आधी चोच बघा, मग पोट. रोझफिंच चिमणीएवढा, डोकं-छाती लाल, पण पोटाकडे रंग फिका होत जातो आणि चोच करडी-तपकिरी. स्कार्लेट फिंच चांगला 18-19 सेंटिमीटरचा. नर माथ्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत एकसारखा लालभडक, पंख गडद आणि त्यांना लाल कडा, चोच जाडजूड, फिकट पिवळी. ती चोच दुर्बिणीत एकदा नीट पाहिलीत की पुन्हा गफलत होणार नाही.

पुण्याहून एवढा प्रवास करून पश्चिम बंगालमधल्या लावा किंवा अरुणाचलातल्या ईगलनेस्टला जायचं आणि मादीकडे ढुंकूनही बघायचं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मादी हिरवट-तपकिरी, अंगावर खवल्यांसारखी नक्षी. ती उडाली की पाठीचा शेपटीलगतचा भाग झळाळत्या पिवळ्या रंगाने उघडा पडतो. कोवळे नरही बरेचसे असेच दिसतात, फक्त तिथे नारिंगी झाक असते. "नर नाही, चला पुढे" म्हणणाऱ्यांच्या समोरून कितीतरी फिंच असेच निघून जातात.

पक्षी दिसतच नसेल तर घनदाट जंगलात खोल शिरू नका. जंगलाची कड, मोकळी जागा, उंच झाडांचे शेंडे तपासा. तिथे तो बराच वेळ उघड्यावर बसतो. हिवाळ्यात तो खाली उतरतो, विणीच्या हंगामात वर जातो. तेव्हा उन्हाळ्यात पायथ्याच्या दरीत शोधत बसणं व्यर्थ. आणि मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू तर अजिबात नका, विशेषतः विणीच्या काळात. त्याला घरटं सांभाळायचं असतं.

फोटोत नर लाल डाग बनून आला असेल तर दोष बहुधा एक्स्पोजरचा. नुसता पांढरा हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, ठीक दिसतो, पण लाल रंगाचा आलेख उजव्या कडेला आपटलेला असतो, म्हणजे लाल रंगाचे बारकावे उडालेले असतात. लाल-हिरवा-निळा वेगवेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा, एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉपने कमी करा. पिसांचे पदर दिसू लागतील.

ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर चुकून सिंहगडचा स्कार्लेट फिंच टाकला असेल तर त्या दिवसाची चेकलिस्ट (नोंदयादी) उघडून नाव बदलता येतं. आजच बदला, फोटो तसाच राहू द्या.